रोजच्या स्केचवहीतून चित्रापर्यंत: सवय कशी टिकवावी आणि मधले टप्पे कोणते असावेत?

अर्धवटवही (प्रश्न)

नमस्कार. नोकरी सांभाळून मी चित्रकला शिकते आहे. पेन्सिल आणि पेन घेऊन रेखाटन करायला मला आवडते आणि रोज किमान एक स्केच व्हावे असा प्रयत्न मी बऱ्याच काळापासून करते आहे. त्यात दोन अडचणी येत आहेत, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या असाव्यात अशी मला शंका आहे.

पहिली अडचण सातत्याची आहे. काही आठवडे स्केचिंग उत्तम चालते, मग एखादा दिवस चुकतो, त्यापाठोपाठ दुसरा चुकतो, आणि वही पुन्हा उघडेपर्यंत बरेच दिवस निघून जातात. कित्येकदा तर आज काय काढावे याचा विचार करण्यातच हाताशी असलेली पंधरा-वीस मिनिटे संपतात.

दुसरी अडचण मला अधिक सतावते. वहीतली काही स्केचेस मला मनापासून आवडतात. खिडकीतून येणाऱ्या तिरप्या उजेडात अर्धवट उजळलेली खुर्ची, रांगेत ताटकळत उभा असलेला माणसांचा घोळका, पाऊस येण्याआधीचे झाड, असे काही चार रेघांत पकडले जाते तेव्हा त्यात एक जिवंतपणा असतो. तेच स्केच समोर ठेवून कॅनव्हासवर ॲक्रिलिकमध्ये किंवा कागदावर जलरंगात चित्र करायला घेतले की तो जिवंतपणा हरवतो. मोठ्या चित्रात सगळे जागच्या जागी असते, पण ते ताठ दिसते. शिवाय चित्र अर्ध्यावर आले की लक्षात येते, सावलीत कोणता रंग होता, मागची भिंत खुर्चीपेक्षा उजळ होती की गडद, यांपैकी काहीच स्केचमध्ये टिपलेले नाही.

रोज स्केच करण्याची सवय कशी टिकवावी, आणि स्केचवरून चित्र करताना मधले टप्पे नेमके कोणते असावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

करडाकोळसा (प्रतिसाद)

मी तुमच्या दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सुटली तर रोजच्या वहीकडे पाहण्याची दृष्टीही बदलेल असे मला वाटते.

तुम्ही स्केचवरून थेट चित्राकडे उडी घेत आहात. वहीतले स्केच हे टाचण असते. काय पाहिले आणि त्यातले काय भावले, एवढेच ते सांगते. चित्राला त्याखेरीज अनेक निर्णय लागतात. चौकट कुठे थांबते, सर्वांत गडद जागा कोणती आणि सर्वांत उजळ कोणती, कोणत्या दोन आकारांमधली कडा विरघळू द्यायची आणि कोणती धारदार ठेवायची, उजेड उबदार आहे की थंड, हे सगळे स्केचमध्ये ठरलेले नसते. मग ते मोठ्या कॅनव्हासवर, कुंचला हातात असताना, रंग सुकत असताना ठरवावे लागते. निर्णय चुकेल या धास्तीने हात आखडतो आणि आपण सर्वांत बिनधोक काम करू लागतो, म्हणजे पेन्सिलीच्या रेघांच्या आत रंग भरत बसतो. चित्र ताठ होते ते नेमके त्या वेळी, आणि त्यात तुमच्या कौशल्याचा दोष फारसा नसतो.

ज्यांची मोठी चित्रे आपल्याला सहज उमटलेली वाटतात त्यांनीही हा मधला टप्पा गाळलेला नाही. जॉन कॉन्स्टेबल यांच्या ‘द हे वेन’ या १८२१ च्या चित्राची रुंदी सुमारे १८५ सेंटिमीटर आहे, आणि तेवढ्याच मापाचे तैलरंगातले पूर्ण आकाराचे स्केच त्यांनी त्याआधी केले होते. ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे, तर मूळ चित्र त्याच शहरातल्या नॅशनल गॅलरीत आहे. झॉर्झ सेरा यांनी ‘ग्रांद जात’ बेटावरच्या रविवारचे सुमारे दोन बाय तीन मीटरचे चित्र १८८४ ते १८८६ या काळात पूर्ण केले. त्यासाठी ते रंगपेटीत मावतील अशा लहान लाकडी फळ्यांवर जागेवर बसून रंगीत टिपणे करत आणि काँते क्रेयॉनने, म्हणजे खडूसारख्या कडक कांडीने, केवळ छायाप्रकाशाची वेगळी रेखाटने करत. हे काम त्यांनी दोन वाटांनी केले हे मला फार महत्त्वाचे वाटते: रंगाचा प्रश्न एकीकडे सोडवला, उजेड-अंधाराचा दुसरीकडे. पिकासोंच्या ‘गेर्निका’ची पूर्वतयारीची रेखाटने १ मे १९३७ पासून तारीखवार उपलब्ध आहेत, ती क्रमाने पाहिली तर बैल, घोडा आणि मूल घेतलेली आई यांच्या जागा आणि मुद्रा किती वेळा बदलल्या हे कळते. कॅनव्हासवर काम सुरू झाल्यानंतरही हे बदल थांबले नाहीत, आणि दोरा मार यांनी काढलेल्या छायाचित्रांत ते टप्पे जतन झाले आहेत.

तुमच्या खुर्चीचेच उदाहरण घेऊ. आवडलेले स्केच समोर ठेवा आणि कोऱ्या कागदावर पाच-सहा सेंटिमीटर रुंदीच्या काही चौकटी आखा, मात्र चौकटीचे प्रमाण तुम्ही वापरणार असलेल्या कॅनव्हासचेच असू द्या. प्रत्येक चौकटीत तेच दृश्य वेगळ्या रीतीने बसवा. एकीत खिडकी पूर्ण दिसू द्या, दुसरीत खिडकी चौकटीबाहेर ठेवून फक्त जमिनीवर पडलेला उजेडाचा पट्टा घ्या, तिसरीत खुर्ची इतकी जवळ आणा की तिची पाठ चौकटीला टेकेल. हे करताना रेघा काढू नका, फक्त तीन छटा वापरा: कागदाचा पांढरा, एक मधला करडा आणि एक काळा. मऊ पेन्सिल, म्हणजे ४बी किंवा ६बी, आडवी धरून घासली तरी पुरे. तपशील मावणारच नाहीत इतका आकार लहान असल्यामुळे डोळा आपोआप मोठ्या आकारांकडे वळतो.

छटांचा हा विचार मी सर्वांत वरचा मानतो. चित्रातल्या सगळ्या जागा उजेडातल्या आणि सावलीतल्या अशा दोन गटांत वाटून घ्या, आणि सावलीतली सर्वांत उजळ जागाही उजेडातल्या सर्वांत गडद जागेपेक्षा थोडी गडदच राहील याची काळजी घ्या. हा नियम सर्व परिस्थितींना लागू पडत नाही. पांढरे कापड सावलीत आणि काळे कापड उन्हात असेल तर तो मोडतो. तरीही सुरुवातीला तो पाळल्यास चित्राचा सांगाडा भक्कम होतो. डोळे बारीक करून पाहिले की खुर्चीचा पाय आणि मागच्या भिंतीवरची सावली हे दोन वेगळे आकार न राहता एकच गडद आकार होतात. तो आकार चित्रातही एकच ठेवण्याचे धाडस करा. रेघेने स्केच करणाऱ्यांना हे जड जाते, कारण रेघ प्रत्येक वस्तूला कुंपण घालते.

छटांची चौकट निवडून झाली की पोस्टकार्डाएवढ्या कागदावर रंगांची एक चाचणी करा. त्यासाठी रुंद कुंचला वापरा, अर्ध्या तासाहून अधिक वेळ देऊ नका आणि ती पूर्ण सुकल्याखेरीज तिच्याविषयी मत बनवू नका. ॲक्रिलिकमधला बंधक, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा पदार्थ, ओला असताना दुधाळ असतो आणि सुकल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे रंग थोडा गडद दिसू लागतो. जलरंग याउलट सुकताना फिके पडतात. ओल्या रंगावर विसंबून ठरवलेली छटा दुसऱ्या दिवशी वेगळीच भासते, आणि मोठ्या कॅनव्हासवर हा धक्का बसण्यापेक्षा छोट्या कागदावर बसलेला परवडतो.

त्यानंतर मोठे चित्र सुरू करताना समोर छटांची चौकट आणि रंगांची चाचणी ठेवा, मूळ स्केच जरा बाजूला ठेवा. सर्वांत मोठ्या आकारांपासून आणि हाती असलेल्या सर्वांत रुंद कुंचल्याने सुरुवात करा. मूळ स्केच परत समोर घ्यायचे ते शेवटच्या भागात, जेव्हा कुठे रेघ हवी आणि कुठे नको हे पाहायचे असते.

सकाळचीरेघ (प्रतिसाद)

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे. सातत्याच्या प्रश्नाविषयी थोडे लिहिते.

सवय किती दिवसांत लागते याविषयी एकवीस दिवसांची जी समजूत सर्वत्र ऐकू येते तिच्यावर फार विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९६ स्वयंसेवकांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांच्याशी संबंधित एक लहानशी कृती निवडून ती रोज एका ठरावीक प्रसंगाशी जोडली आणि बारा आठवडे तिची नोंद ठेवली. कृती अंगवळणी पडायला लागलेल्या काळाचा मध्यक ६६ दिवस निघाला, पण व्यक्तिपरत्वे हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता (बारा आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून काढलेले अंदाज आहेत). तुमच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष असा की एखादी वेळ चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर विशेष परिणाम झाला नाही. चित्रकला हा त्या अभ्यासाचा विषय नव्हता, आणि पाणी पिण्यापेक्षा स्केच काढणे निश्चितच गुंतागुंतीचे आहे, त्यामुळे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. मात्र दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधावी, आणि चुकलेल्या दिवसाचा हिशेब पुढच्या दिवशी चुकता करू पाहू नये. ‘काल राहिले म्हणून आज दोन’ असे ठरवले की आजचे कामही डोंगराएवढे दिसू लागते आणि तेही राहते.

प्रसंग निवडताना तो वेळेपेक्षा कृतीशी जोडलेला असावा. ‘रात्री नऊ वाजता’ असे ठरवण्यापेक्षा ‘जेवणानंतर टेबल आवरल्यावर’ असे ठरवलेले अधिक टिकते, कारण घड्याळाकडे दुर्लक्ष करता येते, टेबल मात्र रोज आवरावेच लागते. वही आणि पेन त्याच टेबलावर उघडे राहू द्या. कपाटातून वही काढणे, पेन्सिलीला टोक करणे, खोडरबर शोधणे या छोट्या अडथळ्यांनी किती दिवस बुडतात याची आपल्याला कल्पना नसते.

आता विषयाच्या निवडीबद्दल. रोज नवा विषय शोधू नका. महिन्याला एकच विषय ठरवा आणि तो पुरेसा मोठा असू द्या: हात, चपला-बूट, दारे-खिडक्या, बसलेली माणसे, झाडांचे बुंधे. काय काढायचे हे आधीच ठरलेले असल्यामुळे तुमची पंधरा मिनिटे पंधराच राहतात, आणि एकाच गोष्टीकडे पुन्हापुन्हा पाहिल्याने दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जे दिसू लागते ते पहिल्या दिवशी दिसतच नाही. मी हातांचा महिना घेते तेव्हा सुरुवातीला बोटे काढत असते आणि अखेरीस मनगटाचा वळसा. किमान मर्यादाही इतकी खाली ठेवा की ती नाकारताना लाज वाटावी. माझ्या बाबतीत ती पाच रेघांची आहे. पाच रेघांनंतर वही मिटायची पूर्ण मुभा असते, आणि बहुतेक वेळा ती मिटली जात नाही.

तुम्ही लिहिले आहे की रंग आणि छटा स्केचमध्ये टिपलेल्या नसतात. त्यावर फ्रेंच चित्रकार पियेर बोनार यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ते समोर दृश्य ठेवून रंगवण्याऐवजी स्मरणातून आणि लहानशा पेन्सिल-रेखाटनांवरून कार्यशाळेत रंगवत असत. १९२७ ते १९४६ या काळातल्या त्यांच्या खिशातल्या दैनंदिन्या उपलब्ध आहेत. त्यांत रोजच्या पानावर त्या दिवसाचे हवामान एखाद्या शब्दात नोंदलेले आणि शेजारी छोटे रेखाटन असे दिसते. आकाश स्वच्छ होते की ढगाळ, एवढ्या एका शब्दावरून त्या दिवसाचा उजेड त्यांना परत आठवत असणार. कॉन्स्टेबल यांनी १८२१ आणि १८२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे केलेल्या ढगांच्या अभ्यासचित्रांच्या मागेही तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली आढळते.

आपणही स्केचच्या समासात तीन गोष्टी लिहाव्यात: वेळ, उजेड कोणत्या बाजूने येत होता, आणि आपल्याला थांबावेसे का वाटले. तिसरी नोंद सर्वांत उपयोगाची ठरते. ‘भिंतीपेक्षा खुर्चीची सावली निळी’ असे चार शब्द लिहिलेले असतील तर काही महिन्यांनीही त्या स्केचवरून चित्र उभे राहू शकते. छटांसाठी एक ते पाच आकडे वापरा, एक म्हणजे कागदाइतका उजळ आणि पाच म्हणजे काळा; प्रत्येक मोठ्या आकारात एक आकडा लिहायला मिनिटभरही लागत नाही. सुंदर स्केचवर आकडे लिहायला मन धजत नाही हे मला माहीत आहे, पण वही कुणाला दाखवण्यासाठी नाही असे एकदा ठरवले की ही भीड चेपते.

अर्धवटवही (प्रश्नकर्तीचा प्रतिसाद)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. समासातल्या नोंदी आणि छटांचे आकडे मी आजपासूनच सुरू करते. यातून आणखी काही प्रश्न निर्माण झाले आहेत. स्केचसोबत मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले तर रंग आणि तपशील हाताशी राहतात. ते वापरणे योग्य की अयोग्य? लहान स्केच मोठ्या कॅनव्हासवर नेताना मी ते ट्रेस करून मोठे करते, पण त्यामुळेच ताठपणा येतो का? आणि माझ्या वहीतला माणसांचा घोळका हा खरे तर वेगवेगळ्या दिवशी काढलेल्या माणसांचा आहे. त्यांना एकाच चित्रात आणता येईल का?

तिरपाकर्ण (प्रतिसाद)

आधी स्केच मोठे करण्याविषयी लिहितो, कारण त्यातल्या तांत्रिक गोष्टी क्वचितच कुणी सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट प्रमाणाची. ए-५ आकाराच्या वहीचे पान १४८ बाय २१० मिलिमीटर असते, म्हणजे बाजूंचे प्रमाण १ : १.४१. तुमचा कॅनव्हास ३० बाय ४० सेंटिमीटरचा असेल तर त्याचे प्रमाण १ : १.३३ आहे, आणि ६० बाय ९० चा असेल तर १ : १.५. पानभर पसरलेले स्केच यांपैकी कशावरही जसेच्या तसे बसणार नाही. ते बसवण्याच्या नादात नकळत आकृत्या ताणल्या जातात किंवा कडेला रिकामी जागा उरते. यावर सोपा उपाय असा की स्केचमधला जो भाग चित्रात घ्यायचा आहे त्याभोवती आयत आखावा, त्याचा एक कर्ण काढून तो पुढे वाढवावा. त्या कर्णावरचा कोणताही बिंदू कोपरा मानून काढलेला आयत त्याच प्रमाणाचा असतो. १५ बाय २० सेंटिमीटरची चौकट ३० बाय ४०, ४५ बाय ६० आणि ६० बाय ८० या तिन्ही मापांना चालते.

आकृती नेण्यासाठी चौकोनांची जाळी ही जुनी आणि खात्रीची पद्धत आहे. जाळी मूळ स्केचवर न आखता वर ठेवलेल्या ट्रेसिंग पेपरवर आखावी. मात्र चौकोन फार बारीक करू नयेत. बारा बाय सोळा चौकोन केले की आपण प्रत्येक चौकोनातली रेघ नकलू लागतो आणि संपूर्ण आकृती पाहायची विसरतो. चार बाय तीन चौकोन आणि दोन कर्ण एवढ्यावर काम भागते: डोके कुठे, जमिनीची रेघ कुठे, खुर्चीचा कोपरा कुठे, एवढ्या खुणा करून बाकी सगळे हाताने नव्याने काढावे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. ट्रेसिंगमुळे ताठपणा येतो तो अशा कारणाने की मूळ रेघ वेगाने ओढलेली असते आणि तिची नक्कल सावकाश केली जाते. मूळ रेघ मनगटातून आली होती. तेवढाच जोर मोठ्या कॅनव्हासवर हवा असेल तर ती खांद्यातून, उभे राहून काढावी लागते. पातळ केलेल्या रंगाने आणि लांब दांड्याच्या कुंचल्याने थेट रेखाटन करून पाहा.

ट्रेस करायचेच असेल तर कार्यालयीन कामाचा कार्बन पेपर टाळा. त्याची रेघ मेणचट असते, खोडली जात नाही आणि जलरंग तिच्यावर नीट बसत नाही. त्याऐवजी ट्रेसिंग पेपरच्या मागच्या बाजूला मऊ पेन्सिल घासून तोच कागद वापरावा. तैलरंगाखाली पेन्सिलची गडद रेघ ठेवू नये, कारण ग्रॅफाइट फिक्या रंगात मिसळून त्याला मळकट करते आणि तैलरंगाचा थर काळानुसार अधिक पारदर्शक होत गेल्यावर खालची रेघ वर दिसू लागते. रेघ पातळ रंगाने गिरवून घेऊन पेन्सिल पुसून टाकावी.

छायाचित्राला माझा विरोध नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्केच, मग छायाचित्र. मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारणपणे रुंद कोनाचा असतो, त्यामुळे जवळच्या वस्तू प्रमाणाबाहेर मोठ्या आणि दूरच्या लहान दिसतात. कॅमेरा वर झुकवला तर उभ्या रेघा एकमेकींकडे झुकतात. खोलीत बसून खिडकीचे छायाचित्र घेतले तर एक तर खिडकी पांढरीफटक होते किंवा सावली काळी पडते, कारण डोळा जसा जागोजागी जुळवून घेतो तसे कॅमेऱ्याला पूर्णपणे जमत नाही. तुमच्या खुर्चीच्या सावलीतला निळेपणा छायाचित्रात बहुधा सापडणारच नाही. म्हणून छायाचित्राला ठरावीक प्रश्न विचारावेत, जसे की खुर्चीच्या पाठीला पट्ट्या किती होत्या, आणि उत्तर मिळाले की ते बंद करावे. ते सतत समोर राहिले की चित्र त्याचीच प्रत होते. त्याउलट स्वतःच्या अर्धवट चित्राचे छायाचित्र काढून ते कृष्णधवल करून पाहण्यात फायदाच आहे. छटा कुठे घसरल्या ते लगेच दिसते.

एका बाबतीत मात्र ‘करडाकोळसा’ यांच्याशी माझा मतभेद आहे. प्रत्येक चित्रासाठी आधी चौकटी, मग छटांचा अभ्यास, मग रंगांची चाचणी अशी उतरंड लावली तर छंद म्हणून रंगवणाऱ्याचा उत्साह चाचणीतच संपण्याची शक्यता असते, आणि मोठ्या चित्राला फक्त उरलेसुरले मिळते. जलरंगात तर हे हमखास होते. एखाद्या स्केचवर चार चाचण्या करण्याऐवजी तेच चित्र त्याच आकारात तीन वेळा करावे आणि पहिल्या दोन चित्रांना चाचणी मानावे, असे मी सुचवेन. शिवाय सगळ्या स्केचेसचे चित्र व्हायलाच हवे असेही नाही. इंग्रज चित्रकार टर्नर यांच्या मागे राहिलेल्या सुमारे ३०० स्केचवह्या आज टेट संग्रहालयाकडे आहेत; त्यांतल्या फार थोड्या पानांची मोठी चित्रे झाली.

करडाकोळसा (प्रतिसाद)

‘तिरपाकर्ण’ यांचा आक्षेप जलरंगापुरता मला मान्य आहे. जलरंगात खाडाखोड जवळपास अशक्य असल्याने तेच चित्र पुन्हा करणे हाच अभ्यास ठरतो, आणि चाचणी वेगळ्या आकारात केली तर पाण्याचे प्रमाणही वेगळे पडते. ॲक्रिलिक आणि तैलरंगात मात्र मी छटांची चौकट सोडणार नाही, कारण तिला दहा मिनिटे लागतात आणि ती चुकली तर कॅनव्हासवर दुरुस्तीला कित्येक तास जातात. रंगांची चाचणी हवी तर वगळा.

सकाळचीरेघ (प्रतिसाद)

घोळक्याचा प्रश्न राहिला आहे. वेगवेगळ्या दिवशी काढलेली माणसे एकत्र आणणे अगदी योग्य आहे. पुष्कळ चित्रांची घडण अशीच झालेली आहे. व्हॅन गॉग यांनी १८८५ मध्ये ‘बटाटे खाणारे’ हे चित्र करण्याआधीच्या हिवाळ्यात शेतकऱ्यांची कित्येक मुखचित्रे केली होती, आणि टेबलाभोवतीच्या माणसांची मांडणीही आधी करून पाहिली होती. लिओनार्दो यांनीही चित्रकाराने लहानशी वही सतत जवळ बाळगावी, बोलणाऱ्या, भांडणाऱ्या, हसणाऱ्या माणसांचे हावभाव त्यात थोडक्या रेघांत टिपावेत आणि ती टिपणे पुसून न टाकता जपून ठेवावीत असे लिहून ठेवले आहे. म्हणजे तुमची वही जुन्या वाटेनेच चालली आहे.

जोडताना दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे डोळ्यांची पातळी. तुम्ही सपाट जमिनीवर उभे राहून उभी माणसे काढली असतील तर साधारण तुमच्या उंचीच्या सगळ्या माणसांचे डोळे, ती जवळ असोत वा दूर, एकाच आडव्या रेघेवर येतात. लांबचा माणूस लहान होतो तो पायांच्या बाजूने. बसून काढलेल्या स्केचमध्ये ही रेघ उभ्या माणसांच्या छातीपोटाजवळ येते. बसून काढलेला एक आणि उभ्याने काढलेला दुसरा असे शेजारी ठेवले तर एक जण खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसतो, आणि रंगवून झाल्यावर काय बिघडले आहे हे सापडत नाही. म्हणून समासात वेळ आणि उजेडाबरोबर ‘बसून’ किंवा ‘उभ्याने’ एवढे लिहायला विसरू नका, आणि प्रत्येक स्केचवर डोळ्यांच्या पातळीची एक फिकी आडवी रेघ ओढून ठेवा.

दुसरी गोष्ट उजेडाची दिशा. डावीकडून उजळलेल्या माणसाला उजवीकडच्या उजेडात न्यायचे असेल तर आकृती आरशातल्यासारखी उलटी करणे सोपे पडते. ट्रेसिंग पेपर पालथा केला की काम होते. फक्त मग हातातली पिशवी किंवा छत्री दुसऱ्या हातात जाते आणि शर्टाची गुंडीपट्टी उलट बाजूला येते, तेवढे दुरुस्त करून घ्या. घोळक्यातल्या प्रत्येकाला स्वतंत्र ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यावर घेऊन ते तुकडे एकमेकांवर सरकवून पाहिले तर कोण कोणाच्या मागे झाकला जावा हे रंग लावण्याआधीच ठरवता येते. माणसांमधल्या रिकाम्या जागांचे आकार एकसारखे येऊ लागले तर एखाद्याला थोडे आत ढकला, म्हणजे रांगेचा घोळका होईल.